डावा खांदा

तेलगावच्या फाट्यावर जीपचं दार मायच्या बोटावर बसलं, तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही. बोटाला पदर गुंडाळला आणि वर मलाच दटावलं, "काय न्हाई झालं. निघ तू, बस चुकंल." वडवणी येईपर्यंत मला तिच्या पदरावरचा लाल डागच दिसत होता. मी नर्स व्हायला पुण्याला निघाले होते आणि माझी पहिली पेशंट मागं फाट्यावर उभी राहून हात हलवत होती.

आता मी अपघात विभागात आहे. एकदम चार-पाच जखमी दारात आले की आधी कोणाला आत घ्यायचं, हे ठरवायचं काम माझं. आम्ही त्याला ट्रायाज म्हणतो. लाल पट्टी म्हणजे आत्ताच्या आत्ता, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, हिरवी म्हणजे बाकावर बसा. शिकवताना मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या, जो बोंबलतोय त्याचा श्वास चालू आहे, गप्प बसलेल्याकडं आधी जा. मला हसू आलं होतं. अहो, आमच्या गावच्या बाया बाळंतपणातसुद्धा बोंबलत नाहीत. सगळ्यांनाच लाल पट्टी बांधायची की काय!

ते हसू टिकलं नाही. धारूरच्या घाटात मोटारसायकलच्या चाकात पदर अडकून माय पडली. उठली, लुगडं झटकलं, घरी येऊन भाकरी थापल्या. संध्याकाळी म्हणाली, डावा खांदा भरून आलाय. माझ्या भावानं, संजूनं, बाम चोळला. बिचाऱ्यानं मायेनंच चोळला. पोटात प्लीहा फाटली तर रक्त आत साचतं आणि दुखतो डावा खांदा, हे आमच्या घरात एकट्या मला माहीत होतं. संजू मला फोन लावायला निघाला, तर मायनंच अडवलं. "बाईला सांगू नगंस. लांब हाय ती, उगं घोर लावून घेईल." दुसऱ्या दिवशी फोन आला तोही "मायला जरा बरं न्हाई" एवढाच. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती.

गावाकडच्यांनो, लांब गेलेल्याला वाईट कळवायचं नाही, हा आपला रिवाज. त्यात माया आहे, मी कुठं नाही म्हणते? पण मला त्या मायेचा लई राग येतो. आजही दादा फोनवर "समदं ठीक हाय" म्हणाले की माझा विश्वास बसत नाही. वडील आहेत माझे, तरी पोलिसासारखी उलटतपासणी घेते मी त्यांची. खांदा दुखतो का, तहान लागते का. ते चिडतात. चिडू देत.

परवा दुपारी उलटलेल्या टेम्पोतली ऊसतोडीची माणसं आली. एकाचा हात मोडलेला, तो जोरात कण्हत होता. त्याची बायको पदर आवळून बाकावर बसलेली. "आदी ह्यास्नी बघा. मला काय न्हाई झालं."

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. मायच बसलीय असं वाटलं.

"मावशी, डावा खांदा दुखतो का?"

"तुमाला कसं कळलं वो? जरा भरून आलाय."

हात गार, नाडी भरभर पळत होती. मी डॉक्टरांना ओरडून हाक मारली आणि तिच्या मनगटाला लाल पट्टी बांधली. ऑपरेशनला नेताना तिनं माझा हात घट्ट धरला. "लेकीला सांगू नगा. लांब दिलीय तिला."

"नंबर द्या."

"उगं घोर..."

"मावशी, माझ्या मायनं हेच केलं होतं. नंबर द्या."

तिनं माझा हात सोडला. मग नंबर दिला.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मला आता तेलगावचं दार, चूल काही आठवत नाही. त्या संध्याकाळी न आलेला फोन आठवतो. मी मावशीनं दिलेला नंबर लावला. पोरीनं फोन उचलला, मी दवाखान्यातून बोलतेय म्हणाले. "माय बरी हाय ना?" तिनं विचारलं. काय न्हाई झालं, घाबरू नगंस, असं अगदी ओठांवर आलं होतं. रक्तातच आहे ते आमच्या, जाणार कुठं? मी ते गिळलं.

"मायला लई लागलंय," मी म्हणाले. "अजून जिती हाय. निघ तू."