ईस्टरचा केक आणि पातेलंभर भात

रोग पुरता बरा झालेल्या बाईनं स्वतःच्या घरी परत जायला कुणाची परवानगी घ्यायची, हे तुम्ही मला सांगाल का? डॉक्टरची म्हणाल, तर ती मिळाली होती. सरकारची लागत नव्हती. तरी ती बाई आमच्या दवाखान्यामागच्या चाळीतच राहत होती, आणि तिचं घर सायकलवर जाऊन येता येईल इतकं जवळ होतं.

मी तुमसरची. बाप राइस मिलमध्ये हमाल. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा मोर्चाहून आले की खिशातून घडी घातलेली दोन-चार निघायची, आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. 'अन्याय' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी लिहिता यायचा. पुढे लाखनीपासून आत, हायवे सोडून असलेल्या एका कुष्ठरोग दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा मी आपण होऊन एक काम मागून घेतलं: बाजारात पत्रकं वाटायचं. 'कुष्ठरोग बरा होतो. बरा झालेल्या माणसाला घरात घ्या.' लोक पत्रक घ्यायचे आणि त्यात फुटाणे बांधून न्यायचे.

दवाखाना इटलीहून आलेली एक नन चालवायची. आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. इथं इतकी वर्षं काढली होती तिनं, की ती आमचीच बोली बोलायची. "गोळी काहून नाही खाल्ली गा?" असं ती दरडावायची तेव्हा नवे पेशंट तिच्या गोऱ्या तोंडाकडे नुसते बघत राहायचे.

ईस्टर, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला तो सण, चैत्राच्या आसपास येतो. मोह गळत असतो, दुपारी पत्रे तापतात. सिस्टर दरवर्षी त्या दिवशी तिच्या गावाकडचा केक करायची. थरावर थर, मध्ये दुधाची दाट खीर. चाळीतल्या सगळ्यांना एकेक तुकडा मिळायचा.

त्या वर्षी तो केक चाळीतल्या त्याच बाईसाठी करायचं ठरलं. ती अड्याळकडच्या एका गावची, तलावात मासे धरणाऱ्या घरातली. नवरा वारलेला. मुलगी दिराकडे वाढत होती. डाव्या हाताची बोटं वाकलेली होती, दोन्ही तळहातांना गरम-गार काही कळायचं नाही, पण रोग आता उरला नव्हता. दीर येऊन सांगून गेला होता, "माहं काही नाही, वयनी. भाऊबंदाइनं तुह्या हातचं खाल्लं पायजे. मंग दार उघडंच हाय." त्यांच्यात रीत तशीच होती. वाळीत पडलेल्या माणसानं जाणत्यांना बोलवायचं, रांधून वाढायचं. ते जेवले की माणूस आत.

सिस्टरला हे फार सोपं वाटलं. "खाऊ घालाचं ना? मंग ईस्टरलेच बोलव. केक खातीन." मलाही सोपंच वाटलं.

आदल्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात होतो. अंडी आणि साखर एका गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, घालून घुसळायची होती. या केकात सोडा नाही, काही नाही. फुगवायचं ते घुसळूनच. बाईला रवी धरवेना. तिनं बँडेजची पट्टी मागितली, रवीचा दांडा तळहाताला बांधून घेतला आणि घुसळायला बसली.

"थांबू नोको," सिस्टर म्हणाली. "थांबली का फेस बसते."

"मी कायले थांबतो वो? थांबले तं तुमीच. मगापासून कमरेवर हात ठेवून उभ्या हा."

पिवळं मिश्रण हळूहळू पांढरं झालं, दाट झालं, रवी उचलली तर ओघळ वर दिसू लागला. सिस्टरनं मैदा चाळून अलगद मिसळला. मागच्या विटांच्या भट्टीत पाव भाजायचे, तिथंच केकचा डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुती दोऱ्यानं त्याचे तीन थर कापले. सिस्टरच्या गावी थर लाल दारूत भिजवतात. इथं तिनं संत्र्याच्या सालीचा पाक केला आणि त्यात पळीभर मोहाची टाकली. दारातून चाळीतला एक म्हातारा ओरडला, "सिस्टर, पळी लहान हाय वो!" बाई हसली. तिला एवढं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

केक रचून झाल्यावर तिनं चुलीवर भात टाकला. चिन्नोरचा, आमच्याकडच्या वासाच्या तांदळाचा. शेजारी मासोळीचा रस्सा.

"आता भात कायले?" सिस्टर म्हणाली.

"असू द्या," ती म्हणाली.

दुपारी पाच जाणते आले आणि दीर. अंगणातल्या कडुलिंबाखाली सतरंजी टाकली होती. पाहुण्यांचं तोंड आधी गोड करायचं, हा सिस्टरचा आग्रह. तिनं केक आधी बाहेर आणायला लावला. बाईनं पदर डोक्यावर घेतला आणि आपल्या हातांनी प्रत्येकाला तुकडा वाढला. मी पाहत होते. त्यांनी खाल्ला!

"कापसावानी हाय गा हे!"

"मोहाचा वास येऊन राहिला."

"तुले तं देवळातबी येते."

दोघांनी पुन्हा मागून घेतला. मला वाटलं, झालं. जिंकलो आपण. पत्रकात जे छापलं होतं ते डोळ्यांपुढं घडत होतं.

मग ती भाताचं पातेलं घेऊन आली. वाफ येत होती, सुवास पसरला होता. मी पत्रावळी मांडल्या.

सगळ्यात म्हाताऱ्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. नात्यानं तो तिचा सासरा लागायचा. "पोट भरलं, बाई. आता जागा नाही."

"एक घास घ्या, मामाजी."

"नाही म्हणतो ना. गोडावर मासोळी बाधते."

"घास नोको तं एक शित घ्या."

त्यानं हात जोडले. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहून हात जोडले आणि सगळे उठले.

मला राहवलं नाही. "आत्ताच तर तिच्या हातचा केक खाल्लात! दोन-दोन तुकडे!"

म्हातारा रागावला नाही. लहान पोरीशी बोलावं तसं बोलला, "पोरी, तो खाऊ झाला. बेकरीचं खातो तवा कोनाचे हात पायतो आमी? पाण्यात शिजते ते जेवण. जेवण तं आमचं झालंच नाही." आणि हसला. पत्रावळी मांडायच्या आधीच त्याला हे ठाऊक होतं. केक समोर आला तेव्हाच त्याला वाट सापडली होती.

सिस्टर मला विचारत राहिली, "काय झालं वो? खाल्लं ना त्यायनं?"

दीर मागं रेंगाळला. सायकलची चेन उतरली नव्हती, तरी तो ती चाचपत होता. "वयनी, पोरीची सोयरीक जमून राहिली. औंदा नोको."

"लगनाले तरी येऊ?"

"धाडतो कोनाले तरी."

त्यानं कुणालाच धाडलं नाही. लग्न उरकल्याचं आम्हाला बाजारात कळलं.

त्या संध्याकाळी भात चाळीतल्यांनी खाल्ला. तिनं नाही खाल्ला. हात धुताना सिस्टरला दिसलं, तिचे दोन्ही तळवे भाजून फोड आले होते. पातेलं तिनं फडक्याशिवाय चुलीवरून उचललं होतं आणि तसंच धरून अंगणात उभी राहिली होती, ते लोक नाही म्हणत असताना सगळा वेळ. तिला कळलंच नव्हतं. सिस्टरनं मलम लावलं, ती आढ्याकडे पाहत बसली.

मी त्यानंतर ते पत्रक वाटलं नाही. 'घरात घ्या' म्हणायला काय जातं? सगळे मान डोलावतात. त्या पाच जणांना विचारलं असतं तर त्यांनीही मान डोलावली असती. रोग संपतो, गोळ्या संपतात, सरकारी सूचना फलकावर लागतात, आणि एका शितापाशी सगळं अडतं. त्या शिताला कायदा लागत नाही. तिथं फक्त खाणारा लागतो. मी तिच्या चाळीतल्या खोलीत कितीदा जेवले असेन, पण माझं जेवण कुणाच्या हिशेबात नाही. मी तुमसरची, दवाखान्याची, बाहेरची. हिशेबात धरला जातो तो तिच्या गावातला माणूस. म्हणजे कदाचित तुम्ही.

ती अजून त्याच चाळीत आहे. तुमच्याही गावाबाहेर अशी एखादी बाई, एखादा माणूस असेलच. त्यांच्याकडे जा. चहावर, बिस्किटावर निभावून नेऊ नका, गोड पुढं आलं तर बाजूला ठेवा. भात मागा. अंगणात, चार लोकांना दिसेल असं बसून जेवा. आणि घरी आल्यावर आपल्या जाणत्यांना तोंडावर सांगा, मी जेवून आलो.