उडीचं बटण

“कुणी येतं ते कायतरी हाय म्हणून येतं, नुसतं आपल्यासाठी कोण येतंय?” असं भुजंग एकदा पानटपरीवाल्या किशनरावांना म्हणाला होता.

भुजंग परभणीत सरकारी कचेरीत कारकून होता. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून गावोगावी पेटवापेटवी झाली, तेव्हा त्यानं गाव सोडलं ते सोडलंच. इथं नोकरी लागली, लग्न झालं, विशाखा झाली. मग घरातलं बोलणं आटत गेलं. भांडण म्हणावं असं एकही झालं नाही. एका उन्हाळ्यात बायको रुख्मिणी मुलीला घेऊन सेलूला भावाकडं गेली आणि तिथल्याच बालवाडीत शिकवू लागली.

विशाखा महिन्यातल्या एका रविवारी मामाबरोबर रेल्वेनं यायची. सुरुवातीला बापलेक भिंतीकडं बघत बसायचे. मग भुजंगनं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. तेव्हापासून ती आली की संध्याकाळपर्यंत हलायची नाही. तिचा पडद्यावरचा माणूस उड्या मारत पुढं पळायचा आणि भुजंग खाटेवर बसून तिच्या वेण्यांकडं बघायचा. इतर दिवशी कचेरीतून आल्यावर तो एकटाच खेळायचा. खेळून खेळून रिमोटचं उडीचं बटण त्यानंच झिजवलं.

ते बंद पडलं नेमकं शनिवारी. रेडिओ दुरुस्तीवाल्यानं बघितलं न बघितलं केलं. “फेका साहेब, नवा घ्या.” नवा परभणीत मिळत नव्हता, आणि विशाखा उद्या येणार होती.

भुजंगनं घरीच पेचकसानं स्क्रू काढले. बटणाखाली रबराची पट्टी होती, तिच्यावर काळे ठिपके. उडीच्या बटणाखालचा ठिपका झिजून पांढरा पडलेला. तिथं वीज पोचवणारं काहीतरी बसवायला हवं होतं. तो उठून टपरीवर गेला.

“किशनराव, सिगारेटच्या पाकिटातली चांदी द्या जरा.”

“आं? मोकळी चांदी? धूर कोण वढायलाय मग?”

“रिमोटला लावायचीय.”

“लय भारी! उद्या मशेरी मागताल टीव्हीला.”

भुजंगनं चांदीची टिकली कापली, डिंकानं ठिपक्यावर चिकटवली, सुकू दिली. रिमोट जोडून बटण दाबलं. पडद्यावरचा माणूस उडाला. घरात कुणीच नव्हतं, तरी भुजंग “हां!” असं मोठ्यानं म्हणाला.

रविवारी विशाखा दिवसभर खेळली. उन्हं उतरल्यावर मामा लिंबाजी चपला घालू लागला. लेक निघाली की तिच्या हातावर काहीतरी ठेवायचंच, ही भुजंगच्या आईची रीत. पण कालच्या खटपटीत बाजार राहून गेला होता.

“विशू, काय नेतीस? माग. या घरातलं कायबी.”

विशाखानं टीव्हीकडं बोट केलं. “गेम.”

“गप गं,” लिंबाजी म्हणाला. “दाजी, तिचं काय ऐकता! आमी जयंतीच्या दिवशी घरी टीव्ही घेतला, तवापास्नं गेम गेम लावलंय तिनं.”

सेलूला टीव्ही आल्याचं भुजंगला ठाऊक नव्हतं.

“नेऊ दे. माग म्हणलं न्हवं मी?”

त्यानं वायरी गुंडाळल्या, सगळं पिशवीत भरलं. विशाखा म्हणाली, “बाबा, तिकडं बिघडला तर? इकडं घेऊन यावं लागंल न्हाई?”

हो म्हणणं सोपं होतं. भुजंगच्या ओठांवरही आलं होतं. पण तिच्या कपाळावर आठी पडली होती. गेम बंद पडायची तिला खरीच धास्ती वाटत होती. तो खाली बसला. पिशवीतून रिमोट काढला, पेचकस तिच्या हातात दिला आणि स्क्रू तिलाच काढायला लावले. टिकली कुठं बसते ते दाखवलं, उरलेली चांदी कागदात बांधून दिली. तिनं रिमोट पुन्हा जोडला.

“सोपं हाय की!” ती हसली. “मी करीन आता.”

“तर काय,” लिंबाजी म्हणाला. “चला, गाडी चुकंल. येतो दाजी.”

भुजंगनं पेचकसही पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला अडकवली आणि त्या दोघांच्या आधी बाहेर पडून स्टेशनच्या वाटेला लागला.