राऊटरवरची तीन नंबरची लाईट

भूत, आत्मा, चकवा... असलं मी काही मानत नाही. आजही मानत नाही, आधीच सांगून ठेवतो. सातवी शिकलेला माणूस आहे मी. उल्हासनगर कॅम्प चारला जीन्सच्या कारखान्यात कापड कापण्यात जन्म गेला. तुम्ही लोक इथे ग्रुपवर भुताचे अनुभव लिहिता ते दुपारी वाचायचो आणि शालनला म्हणायचो, "यांना कामधंदे नाहीत." शालन म्हणजे माझी बायको. ती गेली. आता मीच लिहायला बसलोय. मी मोबाईलमध्ये बोलतो, तो लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या... नाही घेतलं तरी चालेल.

घर पालेगावात, अंबरनाथ पूर्वेला. आजूबाजूला टॉवर झाले, आमचं अजून बैठं आहे. पुढची खोली नवी, मागचं स्वयंपाकघर जुनं. मधली भिंत दगडी, हातभर जाड.

राऊटर पुढच्या खोलीत, टीव्हीच्या वर. वायफाय तिथे जोरात चालायचं, पण भिंतीपलीकडे जायचं नाव नाही. शालनला स्वयंपाक करताना कीर्तन लागायचं. ओट्यावर तिचा छोटा टीव्ही आणि त्याला नेटवर चालणारा बॉक्स. महाराज तोंड उघडायचे ते उघडंच राहायचं, वर तो गोल फिरत बसायचा. ही आतून ओरडायची, "अहो, तुमच्या भिंतीनं महाराज गिळले!"

शेवटी केबलवाल्या दिलीपला बोलावलं. तो म्हणाला, "काका, वायफाय हवेतून जाणार. दगडाला आपटलं की खल्लास. वायर टाकू. वायरला भिंतीचं टेन्शन नाय." भिंतीला भोक पाडून त्याने निळी वायर आत नेली. एक टोक राऊटरच्या तीन नंबरच्या भोकात, दुसरं शालनच्या बॉक्सला. तिने बोर्डाचं बटण दाबलं की इकडे राऊटरवर तीन नंबरची हिरवी लाईट लुकलुकायला लागायची.

मला ते फार आवडायचं. कधी बोललो नाही. खाटेवर बसल्या जागी कळायचं — लाईट लुकलुकतेय, म्हणजे स्वयंपाक चालू आहे. विझली, म्हणजे हिने बटण बंद केलं, ताटं घेतली. मग हाक यायचीच. "अहो, जेवायला या."

शालनचं आजारपण लांबलं. हॉस्पिटलात तिला श्वास पुरत नव्हता, तरी मला बघितलं की एकच विचारायची, "जेवलात का?" मी हो म्हणायचो. "तोंड बघा तुमचं," म्हणायची आणि मान फिरवायची.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आमची मुलगी रेखा, बदलापूरला दिलीय, ती हात जोडून म्हणाली, "आई, बाबांना मी सांभाळीन." मेव्हण्याने त्याचं काय ते कबूल केलं. कावळा कठड्यावर बसून मान वाकडी करून बघत राहिला. भटजी मला म्हणाले, "तुम्ही बोला. त्यांच्या मनात काय राहिलंय ते तुम्हालाच ठाऊक." मी म्हणालो, "कावळ्याला भूक नसेल." रेखाने माझ्याकडे असं बघितलं... शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. तो छोटा टीव्ही आणि बॉक्स रेखा बदलापूरला घेऊन गेली. डोळ्यासमोर नको, म्हणाली. वायरचं मोकळं टोक मसाल्याच्या डब्यांवर खिळ्याला अडकवून ठेवलं. मी त्या खोलीत जाणंच सोडलं. टपरीवरचा चहा, त्यात खारी. झालं जेवण.

एका दुपारी खाटेवर पडलो होतो. सहज वर लक्ष गेलं.

तीन नंबरची लाईट लुकलुकत होती.

उठून आत गेलो. वायरचं टोक खिळ्याला तसंच. त्याला काहीही जोडलेलं नाही. ओटा कोरडा ठणठणीत. परत बाहेर आलो — लाईट चालूच.

घाबरलो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही घाबरलो. बरं वाटलं मला. भिंतीपलीकडे कुणीतरी आहे असं वाटलं. कुणाला सांगितलं नाही. दिवसभर खाटेवर बसून तिच्याकडे बघत राहायचो. ती विझायची नाही, मी उठायचो नाही.

असे बरेच दिवस गेले. रेखा आली तेव्हा दार उघडायला उठलो आणि चक्कर येऊन तिच्याच अंगावर पडलो. पँट सुतळीने बांधलेली बघून ती रडायलाच लागली. मग तिची नजर राऊटरवर गेली. "बाबा, बॉक्स तर माझ्याकडे आहे. मग ही कसली लाईट?"

तिने दिलीपला बोलावलं. त्याने वायर काढली, लाईट गेली. दुसऱ्या भोकात घातली, तर तिथली लाईट लागली. नवा राऊटर लावून बघितला, तेच. दोन्ही टोकांना टेस्टर लावला, वायर कुठे तुटली नाही, कुठे शॉर्ट नाही. मग मोबाईलवर काहीतरी उघडून बघत बसला.

"काका, राऊटर प्रत्येक मशीनला एक नंबर देतो. घराचा पत्ता असतो ना, तसा. इथे तुमचा मोबाईल, ताईंचा आणि माझा, बस. वायरवर कोणतरी आहे, पण त्याने पत्ता मागितलाच नाय."

"कोणतरी म्हणजे कोण?"

"तेच तर कळत नाय. वायफायचं कायपण होतं काका, पण वायरची लाईट पलीकडे चालू मशीन असल्याशिवाय लागत नाय." मानेवरचा घाम पुसून म्हणाला, "काढून टाकू का वायर?"

"हात लावून बघ," मी म्हणालो. तो मागे सरकला.

मग रेखाला सगळं सांगावं लागलं. लाईट लागली की स्वयंपाक, विझली की ताट... तिने ऐकून घेतलं. मग हळू म्हणाली, "बाबा, ती आई आहे असंच वाटतंय ना तुम्हाला? मग तिचा स्वयंपाक का संपत नाही, विचारलंत का स्वतःला? तुम्ही जेवायला बसत नाही म्हणून. अजून किती दिवस तिला ओट्याशी उभं ठेवणार?"

राग आला. तसाच उठलो.

आत गेलो. कुकर लावला. भात, वरण, तव्यावर सुकट. रेखा मदतीला उठली, तिला बस म्हणालो. मीठ जास्त पडलं. ताट घेऊन खिळ्यासमोर जमिनीवर बसलो आणि दहाव्याला बोललो नव्हतो ते बोललो. "शालन, दोन वेळा जेवेन. रोज. बंद केलेल्या गोळ्याही घेईन. या वेळी खोटं नाही सांगत."

पहिला घास घेतला आणि बाहेरून दिलीप ओरडला, "काका, लाईट गेली!"

घास तोंडात तसाच धरून बसलो. आता हाक येईल म्हणून. नाही आली.

दिलीप नंतर म्हणाला, वायरला ओल लागली असेल. मी विचारलं, तुला पटतं का? नाय म्हणाला. मलाही काही कळलेलं नाही, तुमच्यात कुणी जाणकार असेल तर त्याने सांगावं. वायर अजून लावलेलीच आहे. लाईट परत लागली नाही.

कधी कधी दुपारी मनात येतं, आज नको जेवायला. एक दिवस उपाशी बसून बघू, लागते का. बसतोही खाटेवर. बघत राहतो.

मग उठतो आणि तांदूळ धुवायला घेतो.