गोधडीची चौथी बाजू

निघायच्या दिवशी गोधडी अंगणात पसरलेली होती आणि मी माझ्या बाजूला बसून टाके घालत होते. पोरगा पुण्याहून गाडी घेऊन आल्ता. गाडीचं दार उघडं ठेवून तो उभा, आणि मी म्हणते, एवढा फेरा होऊ दे. तो म्हणतो, "आई, जल्दी कर, डॉक्टरांची वेळ घेतलीय." मग उठले. सुई तशीच कापडात टोचून ठेवली. द्वारकानं गालावरून हात फिरवला, गयानं पिशवी गाडीत ठेवली. कौसा मात्र माझ्याकडं बघत नव्हती. ती सुईत दोरा ओवत बसली होती. कौसाला दोरा ओवायला इतका वेळ कधी लागत न्हाई.

आम्ही चौघी. हसनाबादला एकाच गल्लीत नांदायला आलेल्या, आता चौघींचे केस पिकले. कौसा समोरच्या घरातली, जिभेची तिखट. द्वारका सगळ्यांत मोठी, तिच्याच नातीला सासरी द्यायला ही गोधडी घातलेली. गयाच्या सासरी पूर्वी मेंढरं असायची, त्यामुळं कातर चालवायची तर तिनंच. आणि चौथी मी, जिचं तोंड सुईपेक्षा जास्त चालतं असं बाकीच्या तिघी म्हणतात.

तुमच्यातली जी लेकरं शहरातच वाढली त्यांना सांगते. गोधडी म्हणजे दुकानातलं ब्लँकेट न्हाई. जुनी लुगडी, जुन्या साड्या, धोतरं धुऊन, एकावर एक अंथरायची. मग चार बाजूला चौघींनी बसायचं आणि कडेपासून आत आत शिवत यायचं. एक फेरा झाला की दुसरा, आणि शेवटी चौघींचे हात मधे भेटतात. यात एक गोष्ट बिलकुल चालत न्हाई. एकीनं मागं राहायचं आणि तिघींनी पुढं जायचं, हे होत न्हाई. कापड एका अंगाला सरकतं, झोळ पडतो, आणि एकदा पडलेला झोळ उसवल्याशिवाय निघत न्हाई. माझी आई सांगायची, "टाका वाकडा पडू दे, पण बाजू सोडून उठू न्हाई." आयुष्यभर ते पाळलं. आणि त्या दिवशी बाजू सोडून उठले.

छातीत गाठ होती. आधी मी अंगावरच काढली. मग द्वारकाच्या लक्षात आलं की मी डाव्या हातानं घागर उचलत न्हाई. तिनं पोराला फोन केला. संभाजीनगरला तपासण्या झाल्या, आणि पोरगा म्हणाला, इलाज पुण्यात करू, तू माझ्याजवळ राहा. काही महिन्यांचं काम हाये म्हणाला. मी चार साड्या घेतल्या, चष्मा घेतला, घराची चावी कौसाच्या हातात दिली. तिनं ती कमरेला खोचली आणि एवढंच बोलली, "तुळशीला मी पाणी घालते."

पोराचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर हाये. घर चांगलं, उजेडाचं. सून नेहा मनानं फार मऊ. पण सकाळी दोघंही कामाला निघाली की दार बंद होतं आणि मंग संध्याकाळपर्यंत फ्रीजचा आवाज तेवढा. गावाकडं आमच्या दाराला दिवसा कडी नसते. कुणीही येतं, "काय करून राह्यली वं" म्हणतं, उत्तराची वाट न बघता चुलीजवळ बसतं. इथं बेल वाजली की मी आनंदानं उठायचे, तर पार्सलवाला. तो मोबाइलकडं बघून नेहाचं नाव विचारायचा, आणि मी हो म्हणायच्या आत पुडकं देऊन लिफ्टकडं. एकदा त्याला म्हटलं, बस बाबा, पाणी पी. तो घाबरल्यासारखा झाला.

खिडकीतून खाली माणसं दिसतात, पण डोक्यावरून. चेहरा दिसत न्हाई. कितीतरी दुपारी मी नुसती डोकी बघत बसलेय.

केमोच्या दिवशी पोरगा सुट्टी काढायचा. खुर्चीत बसवतात, हातात सुई लावतात, आणि औषध थेंब थेंब चढत राहतं. शेजारच्या खुर्च्यांवरही बाया असतात, पण सगळ्यांचे डोळे मिटलेले. चार बाया एका ठिकाणी बसल्या आणि कुणी अवाक्षर बोलत न्हाई, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. घरी आल्यावर दोन-तीन दिवस पाण्यालासुद्धा लोखंडाची चव. नेहा मऊ भात करून ठेवायची, डब्यावर चिठ्ठी लावून. केस गेले. साडी सावरायची ताकद न्हाई म्हणून गाऊन आला. आरशात बघितलं की वाटायचं, ही कोण म्हातारी पोराच्या घरात राह्यलीय.

फोन असायचे, म्हणून दिवस निघाले. गया दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाते. तिथून मला फोन लावायची, पण बोलायची न्हाई. फोन नुसता वर धरायची. मला घंटा ऐकू यायची, गर्दी, नारळ फुटल्याचा आवाज, कुणाचं तरी लेकरू रडताना. मी इकडं सोफ्यावर बसून हात जोडायचे.

कौसाचा फोन म्हणजे भांडण. "काय वं, किती दिवस पुण्याची हवा खाती? तुझ्यापायी आमची गोधडी अडून बसली." मी म्हणायचे, शिवून टाका ना. "अन् झोळ पडला म्हंजे? द्वारकाची नात सासरी गेली बी, गोधडी मागंच राह्यली. सुई काढून ठेवलीय, लेकरं लोळतेत म्हून. दोरा तसाच लोंबतो तुझ्या बाजूला. कुणाला हात लावू दिला न्हाई मी."

ते ऐकून बरं वाटायचं. शंभर कोसांवर एका अंगणात माझा दोरा लोंबतोय आणि तिघी बाया माझ्यासाठी खोळंबल्यात, या गोष्टीवर मी कितीतरी दुपारी काढल्या.

आणि मग बोटं गेली. आधी शेंड्यांना मुंग्या आल्या, मग ती बधिर झाली. चहाचा कप हातातून सुटला तेव्हा समजलं. डॉक्टर म्हणाले, औषधानं होतं असं, हळूहळू कमी होईल, पण सांगता येत न्हाई किती. एका दुपारी मी नेहाच्या कपाटातून सुई-दोरा काढला आणि उशीच्या अभ्र्यावर टाका घालून बघितला. सुई बोटांत हाये का पडली, हे बघितल्याशिवाय समजेना. संध्याकाळी नेहानं तो अभ्रा बघितला. मऊ आवाजात म्हणाली, "आई, शिलाई मशीन आणू या का?" तिचं काही चुकलं न्हाई. पण मी त्या रात्री जेवले न्हाई.

कौसाला हे सांगायचं राहूनच गेलं. खरं सांगू का, जीभ रेटेना. माझ्या हातानं सुई धरवत न्हाई हे कळलं, तर त्या माझ्या जागी गल्लीतल्या दुसऱ्या कुणाला बसवतील. बराबरच हाये, गोधडी किती दिवस अडून राहणार? पण मग त्या अंगणात माझी वाट कोण बघणार? मरणाची भीती मला वाटलीच न्हाई असं म्हणत न्हाई. पण त्याहून जास्त भीती मला या गोष्टीची वाटायची, की माझी बाजू भरून निघेल आणि कुणाला काही कमी पडणार न्हाई.

इलाज संपला. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं. आता दर तीन महिन्यांनी तपासणी, म्हणजे राहणं पुण्यातच, पण मधे जाऊन यायला हरकत न्हाई. पोरानं संभाजीनगरपर्यंत सोडलं, तिथून पुढं मी हट्टानं एसटीनं गेले. फुलंब्रीच्या पुढं रस्त्याच्या कडेला कापूस फुटलेला होता. मी खिडकीला डोकं टेकवून हात पदराखाली झाकून बसले होते, कुणी बोटं बघेल म्हणून.

स्टँडवर तिघी उभ्या. माझा पदर वाऱ्यानं मागं गेला आणि डोकं उघडं पडलं. द्वारकानं डोळ्याला पदर लावला. कौसानं माझा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "झाकलेलं हाये तवर आत शेत हाये का पडीक, कोण बघतं?" मी हसले. किती महिन्यांनी, आठवत न्हाई.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकून त्यांनी गोधडी अंथरली. माझा दोरा खरंच तिथं लोंबत होता. माझ्यापुढच्या तुकड्यात कौसाची मोरपंखी साडी होती. आम्ही दोघींनी भोकरदनच्या बाजारातून एकसारख्या घेतल्या होत्या. तिची शेतात नेसून नेसून विरली आणि गोधडीत गेली.

गयानं सुईत दोरा ओवून दिला. मी बसले, मांडी घातली, आणि शिवायला लागले. तोंडानं पुण्याच्या गमती सांगत होते, लिफ्टची, पार्सलवाल्याची, म्हणजे कुणाचं माझ्या हाताकडं लक्ष जाणार न्हाई. गया एकदम म्हणाली, "सुमन, थांब." खाली बघितलं तर मोरपंखी कापडावर रक्ताचे ठिपके पडत आलेले. सुई बोटात घुसली होती आणि मला खबर न्हाई.

मग मीच सांगितलं. बोटं गेली, कधी येतील सांगता येत न्हाई, माझी बाजू तुम्ही कुणाकडून तरी करून घ्या.

कौसा उठली. माझ्याजवळ येऊन तिनं माझ्या हातातली सुई घेतली, पदरानं माझं बोट पुसलं. म्हणाली, "सरक थोडी."

मी उठायला लागले तर खेकसली, "उठ कोण म्हणलं? सरक म्हणलं. किनार गुडघ्याखाली दाबून धर. ती सरकून सरकून तर आम्ही बेजार झालो. वजनबी राह्यलं न्हाई तुझ्यात, नीट बस." मग शिवता शिवता माझ्याकडं न बघता, "आमचे हात चालू हायेत. तू गेल्तीस ना, आम्ही तिघी बसायचो अन् एक टाका पडायचा न्हाई. अंगणात नुस्ती शांतता. ते लिफ्टमधलं काय सांगत व्हतीस, ते सांग."

मी सांगत गेले. एकेक ओळ झाली की तिघी एकेक जागा सरकायच्या, म्हणजे रिकामी बाजू मागं राहायची न्हाई, आणि माझी बाजू तिघींच्या हाताखालून गेली. मी तेवढी जागच्या जागी, किनार दाबून. मी गावात होते तेवढ्या दिवसांत गोधडी मधे येऊन मिळाली. कुठं झोळ न्हाई.

निघायच्या आदल्या दिवशी मी पेटीतून माझी मोरपंखी साडी काढली. चांगल्या कार्याला म्हणून ठेवलेली, घडीसुद्धा मोडलेली न्हाई. कौसाकडं नेऊन दिली. म्हटलं, पुढच्या गोधडीला असू दे. माझं काही खरं न्हाई, पुन्हा येणं होतं की न्हाई.

कौसानं साडी उलगडली, उजेडासमोर धरली, कुठं विरलीय का ते बघितलं. मग पुन्हा घडी घालून माझ्या मांडीवर टाकली.

"ही कुठं फाटलीय? नव्या कापडाची गोधडी करतेत का कुठं? पुण्याला नेस. चांगली फाड. मंग घेऊन ये."

आता पुण्यात मी गाऊन घालत न्हाई. एक दिवसाआड ती मोरपंखी साडी नेसते. बोटांनी निऱ्या नीट जमत न्हाईत, वेळ लागतो, पण माझ्याकडं वेळच वेळ हाये. सकाळी दार बंद झालं की नेसते, खिडकीत बसते, खालची डोकी बघते. एकटं वाटत न्हाई असं कसं म्हणू? वाटतं. घराची चावी कौसाच्या कमरेला हाये, आणि घर म्हणलं की मला ती तुळस, ती चूल आठवत न्हाई आता. गुडघ्याखालची किनार आठवते.

परवा नेहानं साडी वाळत घालताना बघितलं. म्हणाली, "आई, खालच्या काठाला सूत विरलंय. नवी आणू का?"

म्हटलं, राहू दे. अजून पुष्कळ नेसायची हाये.