रविवारी एस.टी.ने मुलगी पाहायला

सांगलीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझ्याइतका शास्त्राला धरून चालणारा माणूस दुसरा नाही, असं त्या काळात एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस मीच. शाळेत मास्तर होतो, पंचविशीचा, बिनलग्नाचा. पाळकसाहेब परगावी गेले की उपासनेत संदेश द्यायचं काम माझ्याकडे यायचं आणि मी आठवडाभराची वाफ त्यात काढायचो. सिनेमा, विडी, तमाशा, ख्रिस्ती बायकांच्या कपाळावरचं कुंकू, कुणालाच सोडायचो नाही. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा तेव्हा नवा होता. त्यावर तर मी असा काही तापलो की पुढच्या बाकावरच्या आजी रडायला लागल्या. पवित्र आत्म्यानं काम केलं, म्हणून मी मनातल्या मनात आभार मानले. नंतर कळलं, त्यांची दाढ ठणकत होती.

परत आल्यावर पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमचं आता लग्न व्हायला पाहिजे."

मला ती शाबासकी वाटली.

स्थळ त्यांनीच सुचवलं. मुलगी साताऱ्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि तिथल्या मंडळीचे पंच. मला शाळेतून रजा मिळेना, म्हणून मी रविवारी सकाळची एस.टी. धरली. वाटेत मुलीला विचारायचे प्रश्न मनात घोळवले. तिनं घाबरावं, पण फार घाबरू नये, असे निवडून ठेवले होते.

हवालदारांनी "सलाम" करून बसवलं. चहा घेऊन मुलगी आली, कप ठेवला आणि समोरच्याच खुर्चीवर बसली. मी घसा साफ करत होतो तेवढ्यात तिनंच विचारलं, "तुम्ही आज सांगलीहून आलात?"

"हो. पहिल्या गाडीनं."

"मग उपासना?"

मी कप उचलला. "आज जरा... चुकली."

"प्रभूचा दिवस ना आज? उपासनेचा, विसाव्याचा?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच जास्त लागलं.

मला एकदम सुचलं. "तुम्हीसुद्धा रविवारी ड्यूटी करताच की!"

"करते. पेशंटचा ताप रविवारी सुट्टी घेत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला कसला ताप आला होता?"

हवालदार खिडकीबाहेर बघत मिशीत हसले. आता माघार घेणं बरं दिसलं नसतं. मी ठेवणीतला प्रश्न बाहेर काढला. मुलीच्या बापासमोर असला विषय काढू नये एवढंही मला कळलं नाही, यावरून माझी हुशारी ओळखावी. म्हटलं, "सरकारच्या नव्या कायद्यानं दवाखान्यात गर्भपात होतात. तुम्ही तिथं काय भूमिका घेता?"

भूमिका हा शब्द मी मुद्दाम जड आवाजात उच्चारला होता.

"मी त्या टेबलापाशी उभी राहणार नाही, असं मेट्रनबाईंना सांगितलंय. जीव देणारा देव आहे, माझा तोच विश्वास आहे. त्यांनी माझी ड्यूटी बदलून दिली."

"वा!" मी म्हणालो.

"पण त्या बाईला नंतर वॉर्डात आणलं की ती माझी पेशंट. तिला पाणी मी देते."

मी मान हलवली. मग मोठेपणा मिरवायची हुक्की आली आणि माझा तो गाजलेला संदेश मी थोडक्यात सांगितला. थोडक्यात म्हणजे चहा पार गार होईपर्यंत. तिनं सगळा ऐकला आणि विचारलं, "यात त्या बाईचा नवरा कुठं आहे?"

"नवरा?"

"तुम्ही बाईला बोललात, डॉक्टरला बोललात, सरकारला बोललात. ज्याच्यामुळं तिच्यावर ही वेळ आली तो कुठं गेला?"

माझ्या संदेशात तो नव्हताच. मी रुमाल काढून घाम पुसला आणि निघायची भाषा सुरू केली, कारण दुपारची गाडी होती. तशी हवालदार उठून दारातच उभे राहिले.

"आवं मास्तर, आज कसं जाताय? रईवार हाय न्हवं? येताना चुकून आलासा, जाताना कशाला पुन्यांदा पाप घेताय? उद्या जावा."

सोमवारी पहिल्याच तासाला माझा वर्ग होता. पण हे सांगायचं कुठल्या तोंडानं? राहिलो. संध्याकाळच्या उपासनेला त्यांनी मला बरोबर नेलं आणि सांगलीचे उपदेशक म्हणून ओळख करून दिली. तिथल्या पाळकांनी मला प्रार्थना करायला सांगितलं. मी डोळे मिटले. नेहमी भरभरून येणारे शब्द कुठं गेले कोण जाणे. शेवटी, "हे प्रभू, आज प्रवासात असणाऱ्या सर्वांना सुखरूप घरी ने," असं तोंडातून गेलं. बायकांच्या बाजूनं कुणीतरी खोकलं. माझी खात्री आहे की तो खोकला नव्हता.

सोमवारी हेडमास्तरांनी माझी जी खरडपट्टी काढली ती मी मुकाट्यानं ऐकली. स्थळ गेलंच असं धरून चाललो होतो. पण पंधरवड्यानं पाळकसाहेब हसत आले. मुलगी तयार होती. फक्त एक अट होती. घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हायची. पवित्र शास्त्र मी वाचायचं, पण वर भाष्य करायचं नाही.

मी कबूल झालो. लग्न झालं, विश्रामबागेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, बायकोला सांगलीतच नोकरी मिळाली. भाष्य गिळून गिळून माझं वजन वाढलं, असं मी मित्रांना सांगायचो.

वर्षभरात ती एका दुपारी ड्यूटीवरून एका मुलीला बरोबर घेऊन आली. मुलगी पलूसकडच्या शेतकरी घरातली, जेमतेम विशीची, लग्न न झालेली, आणि पोट दिसायला लागलं होतं. लग्नाचं वचन देणारा मुंबईला जाऊन बसला होता. घरच्यांनी बजावलं होतं, मोकळी होऊन ये, नाहीतर येऊच नकोस. दवाखान्यात आल्यावर ती रडायला लागली. मला न्हाई करायचं, म्हणाली.

"बाळंतपण होईपर्यंत आपल्याकडे राहील," बायको म्हणाली.

मी हळूच विचारलं, "लोक काय म्हणतील?"

"मूल राहू द्या, असं व्यासपीठावरून तुम्हीच सांगता. राहू द्यायचं म्हणजे कुठं, ते सांगा ना."

मुलगी आतल्या खोलीत बायकोजवळ झोपायला लागली आणि मी बाहेरच्या खोलीत दाराशी. घरमालकीण आम्हाला पाणी भरू देताना कुरकुर करायची. मंडळीत कुजबुज झाली. पंचांपैकी दोघं चौकशीला आले तेव्हा मुलगी बाळंत होऊन आठवडा झाला होता, बायको ड्यूटीवर होती आणि मी नळावर दुपटी धूत होतो. त्यांना काहीतरी वजनदार ऐकवावं म्हणून मी उठलो, पण हातातल्या दुपट्याचं पाणी एका पंचाच्या पांढऱ्या पायजम्यावर गेलं. ते पाणी कसलं हे त्यांना वासावरून समजलं. चौकशी तिथंच आटोपली.

मग एके दिवशी मुलीची आई आली, एकटीच. उंबऱ्यातच बसली, आत येईना. आमच्याकडचं पाणीसुद्धा आधी घेईना. बायकोनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. बाई कितीतरी वेळ त्या तोंडाकडे बघत राहिली, मग पदरानं बाळाची लाळ पुसली आणि लेकीला म्हणाली, "चल. तुज्या बाला काय बोलायचं ते मी बगते."

मला गहिवरून आलं. या प्रसंगासाठी मी जुन्या करारातली चांगली अर्थपूर्ण नावं काढून ठेवली होती, कारणांसकट. पुढं होऊन म्हणालो, "आजी, बाळाच्या नावाचा विचार करायचा तर..."

"नाव ठिवलंय की," मुलगी म्हणाली. "ताईंचंच ठिवलंय."

बायको लाजून आत गेली. बाईनं पाणी मागितलं, तांब्याभर प्यायली आणि तिघी पलूसच्या गाडीला निघाल्या. मी त्यांची वळकटी घेऊन स्टँडपर्यंत गेलो आणि कुणालाही काही उपदेश न करता परत आलो.