राजकन्येच्या ओटीत

राजकन्या येणार म्हटल्यावर आमच्या गावाला वेड लागायचंच काय ते बाकी होतं. शिरूर कासारच्या पुढचं, डोंगराच्या पायथ्याचं आमचं गाव. पूर्वी इथं राज्य होतं निजामाचं, त्यामुळे मराठी राजघराण्यातल्या माणसाशी कसं वागायचं हे कुणाच्या बापजाद्यालाही ठाऊक नव्हतं. आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी मला फर्मान सोडलं, बाई, मुलींना मुजरा शिकवा. मी म्हटलं, नागरिकशास्त्र शिकवते मी, मुजरा नाही. मग त्यांनी स्वतःच करून दाखवला. मुली हसून हसून लोळल्या.

खरं सांगायचं तर मला त्या पाहुणीचा आधीच राग आला होता. दूरच्या एका जुन्या संस्थानातल्या त्या. राज्य कधीच गेलेलं. उरली ती उद्घाटनं आणि बक्षीस समारंभ. जन्मभर कात्री हातात घेऊन फिरायचं आणि त्याला समाजकार्य म्हणायचं, असं माझं मत.

पण ज्याचं उद्घाटन होतं ते वसतिगृह मला हवं होतं. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्यामागे धाकटं लेकरू सांभाळायला घरातली मोठी पोरगी. माझ्या सातवीत अशीच एक होती. गणितात लई हुशार, पण दर वर्षी दिवाळीला जी जायची ती उन्हाळ्यातच उगवायची. यंदाही गेली असती तर तिची शाळा सुटली असती आणि मग लग्नच. तिला ठेवायला आई तयार होती. अडत होतं ते धाकट्या भावापाशी. नुकतंच अंगावरचं दूध तुटलेलं पोर, आणि वसतिगृहात फक्त शाळेतल्या मुली, असा नियम. अध्यक्षांना मी दोनदा विनवलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

राजकन्या आल्या त्या साध्या गाडीतून. केस पिकलेले, अंगावर सुती नऊवारी. हत्तीची वाट बघणारी पोरं हिरमुसली. दारात रेशमी फीत, तबकात कात्री, समोर फोटोवाले. फीत कापायच्या आधी सवाष्णीची ओटी भरायची, म्हणून बाया पुढे सरकल्या. राजकन्यांनी पदर पसरला. खण, नारळ, गहू पडत गेले. मग त्या पोरीच्या आईची पाळी आली. तिच्या हातात गहू नव्हतेच. कडेवरचं लेकरू उचललं आणि तिनं सरळ त्या पदरात ठेवलं.

"बाईसाहेब, तुमी राजघरच्या. न्याव करा," ती म्हणाली. "पोरगी हितं ठिवते मी. पर ह्याला कोन संभाळील? आमी दोघं उसाच्या फडात. पाचटाच्या कोपीत एकटं ठिवावं, तर इंचू-काटा. म्हनून दर साली पोरीची शाळा मोडायची. का म्हून मोडायची?"

अध्यक्ष धावले. "आगं, ही काय येळ हाय का? उचल ते पोर!"

पोरानं तोवर राजकन्यांच्या गळ्यातली माळ धरली होती. त्यांनी त्याला नीट कडेवर घेतलं. न्याय करायला त्यांच्याकडे शिपाई नव्हते, खजिनाही नव्हता. त्या अध्यक्षांना एवढंच म्हणाल्या, "माझा तर हात अडकला. ह्याची सोय कुठं करता ते सांगा, म्हणजे फीत कापते."

"बैठकीत विषय घेऊ, ताईसाहेब."

"घ्या की. मी बसते तोवर."

आणि त्या पायरीवर बसल्या! फोटोवाले फोटो काढू लागले. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला. धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी पदराला हात पुसत पुढे आल्या. "कोठीची खोली रिकामी करा. माजी नात बी हितंच आसती. धाकल्यास्नी मी बघते, पर जोडीला एक बाई द्या." अध्यक्षांनी मान हलवली. राजकन्या म्हणाल्या, "माइकवर सांगा." त्यांनी माइकवर सांगितलं. तेव्हा कुठं कात्री चालली.

चहा घेताना मी त्यांना मनातलं बोलून दाखवलं. त्या हसल्या. "आमच्या हातात आता काही नाही हो बाई. बोलावतात, म्हणून येते. पण मी कात्री चालवीपर्यंत सगळ्यांना थांबावं लागतं, एवढं मला कळलंय." माझा राग तिथंच विरघळला.

दिवाळीच्या पाडव्यानंतर ट्रॅक्टर निघाले. पोर आईच्या नावानं दोन दिवस रडलं, मग मावशींच्या नातीशी खेळायला लागलं. पोरगी वर्गात बसली. दिवाळीनंतर ती मला वर्गात दिसत होती, हे पहिल्यांदाच.

तिची आई फडातून संध्याकाळी माझ्या फोनवर फोन करायची. आधी धाकट्याचं विचारायची, जेवला का, खोकला गेला का. मग थांबून, "आन् ती काय करतीया?"

"अभ्यास करतेय. बोलावू का?"

"नगं, नगं. करू द्या," म्हणायची आणि घाईघाईनं फोन ठेवायची.