वास आला, रॉकेल सापडलं नाही

भूत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. हे वाचून कुणी मला गंडेदोरे सुचवू नयेत म्हणून आधीच सांगून ठेवते. मी केमिस्ट्रीची एम.एस्सी. नाशिकला एका सरकारी प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी झाली, आणि ती जे काचेच्या नळीत दिसतं तेवढंच खरं, या शिस्तीत गेली.

आमच्याकडे जळिताची प्रकरणं यायची. कधी दुकान, कधी कांद्याचं गोदाम, आणि सगळ्यात जास्त — सून. स्टोव्हचा भडका उडाला, पदर पेटला... दर वेळी हेच वाक्य. गंमत म्हणजे हा भडका सासूच्या पदरापर्यंत कधी पोचायचा नाही.

सांगतेय ते प्रकरण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. नाशिकच्याच द्वारका चौकामागच्या वस्तीत मातीच्या जमिनीच्या दोन खोल्या. तिथली सुमन, बावीस-तेवीस वर्षांची, जळाली आणि काही बोलायच्या आतच दवाखान्यात वारली. नवरा म्हणाला, स्टोव्ह पेटवताना पदर पेटला. सुमनची आई हौसाबाई घोटीला भाताच्या गिरणीत काम करायची. ती पोलिसांसमोर जाऊन बसली आणि म्हणाली, माझ्या पोरीच्या अंगावर रॉकेल ओतलंय. पाहणारं कुणी नव्हतं. म्हणजे सगळा भार आमच्यावर येऊन पडला. स्टोव्हचा भडका पुढून लागतो; साडीच्या पाठीकडच्या तुकड्यांत रॉकेल निघालं तर केस टिकणार, नाही निघालं तर नवरा सुटणार.

आता रॉकेल ही उडून जाणारी चीज. जळकं कापड घट्ट झाकणाच्या डब्यात, ताबडतोब बंद करून पाठवायचं असतं. पण पोलिसांना सवय रक्ताच्या कपड्यांची. रक्ताचा ओला कपडा वाळवूनच बांधतात, नाहीतर कुजतो. सुमनला विझवायला पाणी ओतलेलं, त्यामुळे साडी चिंब. हवालदार बिचारा कर्तव्यदक्ष! त्यानं ते तुकडे चौकीच्या गच्चीवर भर उन्हात घातले, कडकडीत वाळल्यावर कापडी पिशवीत शिवले आणि वर लाखेचं सील मारलं. इकडे घरच्यांनी मयत झालं म्हणून जमीन शेणानं सारवून घेतली होती. रीतच आहे ती, कोण काय बोलणार? पंचांसमोर जी माती खरवडली, ती सारवणाचीच निघाली.

ती कापडी पिशवी पाहूनच मी म्हटलं, यात आता काय उरलं असणार? वैतागून पिशवी उसवली.

आणि वास आला... रॉकेलचा. डबा लवंडल्यासारखा. आमचे देवधर साहेब शेजारच्या खोलीतून नाकाला रुमाल लावून आले आणि काय सांडलं म्हणून विचारू लागले. मला, खरं सांगते, आनंद झाला. सापडलं, म्हटलं.

तुकडे पाण्यात उकळून ती वाफ थंड केली की रॉकेल पाण्यावर तेलासारखं तरंगतं. काहीच तरंगलं नाही. दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. मशीनवर घातलं तर कागदावर सरळ रेघ, रॉकेलचा एकही उंचवटा नाही. मशीनच बिघडलंय की काय म्हणून मुद्दाम थेंबभर रॉकेल घालून पाहिलं, ते बरोबर दिसलं. साडीत मात्र नाही. आणि हे सगळं करताना त्याच वासानं माझं डोकं ठणकत होतं! पिशवी बंद केली की वासही बंद. साधी कापडी पिशवी हो... तिच्यातून वास बाहेर यायलाच हवा होता.

देवधर साहेबांनी खिडकी उघडली. मग म्हणाले, "आढळलं नाही असं लिहा. आपल्याला नाकाचा रिपोर्ट देता येत नाही."

तसंच लिहिलं. दुसरं काही लिहिण्यासारखं नव्हतंच.

काही वर्षांनी केस उभी राहिली, तेव्हा सरकारी वकिलांनी मला साक्षीला बोलावलं. पिशवी ओळखण्यासाठी माझ्यासमोर उघडली. इतक्या वर्षांनंतर त्यात काय असणार? पण भर दुपारी, गच्च भरलेल्या कोर्टात तोच वास पसरला. न्यायाधीशांनी रुमाल काढला. पट्टेवाल्यानं न सांगता खिडक्या उघडल्या. बचावाचे वकील खोकत खोकतच मला विचारत होते, "तुमच्या तपासणीत रॉकेल आढळलं का?" मी नाही म्हणाले. वास येतोय, असंही म्हणाले. त्यावर मला सांगण्यात आलं, विचारलं तेवढंच बोला. आरोपी मान खाली घालून उभा होता.

तो सुटला. बाहेर व्हरांड्यात हौसाबाईनं मला गाठलं. ओरडली नाही की रडली नाही. "समद्यांनी नाकाला फडकी लावली, बाई. म्या बघितलं. मग लिवलं का नाय कुनी?" मी तिला वाफ, तेलाचा थर, मशीन असं काहीबाही सांगत बसले. ती ऐकून घेत होती. मला माझीच लाज वाटत होती आणि काय चुकलं तेही सांगता येत नव्हतं.

अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करण्याचा हुकूम झाला. ती साडी हौसाबाईनंच दिवाळीला घेऊन दिलेली. उरलेले तुकडे मला द्या म्हणून तिनं अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. त्या दिवशी मी दुसऱ्या एका साक्षीसाठी कोर्टात होते. मागच्या आवारात जुन्या गाठोड्यांचा ढीग जळत होता. हौसाबाई भिंतीला टेकून बघत उभी होती. मीही तिच्याशेजारी जाऊन थांबले.

बाकीचं सगळं पेटलं, ती साडी पेटेना. सुती कापड, वर्षानुवर्षं वाळलेलं, आणि आम्हा दोघींना भिंतीपाशी वास येत होता. शिपायानं तुकडे बाजूला ओढून काडी लावली, विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तो कंटाळला. आत जाऊन बाटली घेऊन आला आणि त्यानं त्या साडीवर रॉकेल ओतलं.

मग ती भडकन पेटली.

हौसाबाई जाळाकडेच बघत होती. म्हणाली, "बाई, आता लिवता यील ना तुमाला?"

मी केमिस्ट आहे. कोरड्या साडीला वास कसा आला, आणि वास येणारी साडी पेटली का नाही, याचं उत्तर मला द्यायला हवं होतं. मी ते तिलाही देऊ शकले नाही, आणि तुम्हालाही देऊ शकत नाही.